मेंदूचं देठ

भिंत वाकडी चाललीय, हे पहिल्यांदा भिकाबाईच्या ध्यानात आलं.

सेनगावहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाशी आम्ही विहार बांधायला घेतला होता. बांधणारा गवंडी घरचाच, म्हणजे माझे मालक. विटा-पाणी उचलायला वस्तीतल्या बाया. भिकाबाईनं डोक्यावरची पाटी उतरवली, कंबरेवर हात ठेवून भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाली, "पद्मे, तुझ्या मालकाचा ओळंबा काय म्हनून राहिला गं? का आज ओळंब्यालाच चढली?"

बाया हसल्या. मला हसू आलं नाही. हे दोरीनं ओळंबा सोडायचे, ते लोखंडी वजन हलायचं थांबायचं, तरी ह्यांची नजर त्याच्यावर थांबायची नाही. मग एक डोळा मिटायचे, मान तिरपी करायचे, कोंबडं बघतं तशी. चालताना पाय फाकायचे. बोलताना जीभ जड. सकाळी उठल्या उठल्या भडभडून ओकायचे, ओकून झालं की डोकं जरा उतरायचं, की निघाले थापी घेऊन. हसले की तोंडाची एकच बाजू हसायची. पोरगी तेव्हा अंगावर पीत होती माझ्या. तिला ते अर्धं हसू फार आवडायचं. न हसणाऱ्या गालावर ती चापट्या मारायची, त्यालाही हसवायला.

"काय होतंय तुमाला?" मी विचारलं होतं.

"दोन दिसतात."

"काय दोन?"

"समदंच. तूबी."

"मंग दोघींना संभाळा," मी म्हटलं होतं, आणि आम्ही दोघं हसलो होतो.

वस्तीतल्या लोकांना मात्र एकच गोष्ट दिसत होती. गवंडी झुलत येतो, झुलत जातो, आणि विहाराची भिंत पोट काढून उभी राहते.

आमच्या वस्तीत दारूचा नियम होता, आणि तो माझ्या सासूबाईंनीच घातलेला. चतुराबाई म्हटलं की आजूबाजूच्या गावांतले पिणारेसुद्धा रस्ता बदलायचे. माझे सासरे मोहाची पिऊन नाल्यात पडून मेले, तेव्हा हे पाळण्यात होते. पंचशील म्हणताना सासूबाईंचा आवाज चार शिलांपर्यंत इतरांसारखा असायचा, पाचव्याला, दारूच्या शिलाला, चढायचा. जो पिऊन आला त्याला ऐतवारी वंदना झाली की झेंड्याच्या खांबाशी उभं करायचं आणि मंडळाच्या बायांनी पायातल्या वहाणेनं मारायचं. पण पहिला मार घरच्या बाईचा. बायको, माय, बहीण, जी असेल ती. तिनं हात उचलल्याशिवाय दुसरीनं उचलायचा नाही, म्हणजे परक्यांनी मारलं असं उद्या कुणी म्हणू नये. भिकाबाईनं तिच्या पुंजाजीला असंच मारलं होतं, रडत रडत. पुंजाजीचा पुढचा दात त्या दिवशी गेला. दारूही गेली, हे खरं.

त्या ऐतवारी हे वंदनेला आले. येऊ नका म्हटलं होतं मी. बायांच्या रांगेपाशी आले, पाय कुठं टाकावा ते कळेना, दोन रांगा दिसल्या असतील. मधल्या नसलेल्या जागेत पाय टाकला आणि आडवे पडले. मेणबत्त्यांचं ताट उडालं, बाबासाहेबांचा फोटो तोंडावर पडला, काच फुटली. काचेवर ह्यांचा हात. रक्त पांढऱ्या चादरीवर. आणि त्यातच उचकी लागली, जी अलीकडं तास तास थांबायची नाही.

उचकी तेवढी ऐकू येत होती.

मग भिकाबाई उठली. "चतुराबाई, माझ्या घरच्याला मारलं तवा तुमी म्हनलं होतं, नियमाला घर नसतं. आता सांगा."

"नियमाला घर नसतं," सासूबाई म्हणाल्या. "पद्मे, ऊठ."

मी पोरीला छातीशी धरून बसले होते. "ते पिलेले न्हाईत, आत्याबाई. तोंडाला वास न्हाई. बिमार हाय तो मानूस."

"समद्यांच्या बायका हेच म्हनतात," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी मारनार न्हाई."

"हात लुळा पडला का गं तुझा?" भिकाबाई म्हणाली. "माझा न्हाई पडला तवा?"

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग लेकाकडं. ह्यांना दोघांनी खांबाशी उभं केलं होतं, खांबाला टेकवलं की डावीकडं घसरत होते. सासूबाईंनी वहाण काढली. मला वाटलं एक मारतील, नावापुरती. त्यांनी पहिली मारली ती कानावर. दुसरी तोंडावर. मग त्यांना थांबता आलं नाही. नाल्यात पडून मेलेल्या माणसाला त्या इतकी वर्षं मारायच्या राहिल्या होत्या, तो त्यांना आता सापडला होता. "तुझा बाप असाच झुलत यायचा," म्हणत होत्या, "असाच झुलत यायचा रे." बाकीच्या बायांचा नंबर आलाच नाही. हे हात वर करायचे तर हात भलतीकडंच जायचा, डोक्याला वाचवायला गेलेला हात हवेत फिरायचा, आणि ते बघून पोरं हसत होती. पोरगी माझ्या खांद्यावर किंचाळायला लागली. मी मध्ये घुसले तेव्हा एक वहाण माझ्या मानेवर बसली.

हे पडले. पडताना स्वतःच रचलेल्या विटांच्या ढिगावर डोकं आपटलं. मग तोंडातून ओकारीची चिळकांडी उडाली, हातभर लांब, आणि एक डोळा नाकाकडं, दुसरा आभाळाकडं गेला.

तेवढ्यात सादिकभाई आला. कापसाच्या व्यापाऱ्याची जीप चालवायचा तो, ह्यांचा शाळेपासूनचा जोडीदार. गर्दी बघून रस्त्यावरच जीप सोडून धावत आला. बसला, ह्यांच्या तोंडाशी नाक नेलं, ओकारीचा वास घेतला.

"मावशी, ह्याच्यात दारू न्हाई."

"तुला काय कळतं?"

"मी डायवर मानूस. मला न्हाई कळनार तर कुनाला कळंल?" मग त्यानं ह्यांची बुबुळं पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "भाभी, लेकराला घ्या. बसा गाडीत. ताबडतोब."

सासूबाईंच्या हातात वहाण तशीच होती. एका पायात वहाण, एक पाय अनवाणी, अशाच त्या जीपमध्ये चढल्या. कुणी चढा म्हटलं नव्हतं.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी बॅटरीनं डोळे पाहिले, बोट धरून त्यामागं नजर फिरवायला लावली, घशात कापसाची काडी घातली. आपल्याला घालतात तेव्हा उबळ येते. ह्यांना काहीच आलं नाही. काडी आत, आणि हे शांत. ते बघून डॉक्टरांनी काडी बाजूला ठेवली.

"मारानं झालं का, साहेब?" सासूबाईंनी विचारलं.

"हे कित्येक महिन्यांचं आहे, बाई. डोक्यात मागं, खाली. इथं काही होणार नाही. मुंबई नाहीतर हैदराबाद."

"हैदराबाद," सादिकभाई म्हणाला. "माझी खाला हाय तितं. गाडीबी सरळ."

सादिकभाईची खाला, म्हणजे मावशी, जैनबबी हैदराबादच्या दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहायची. तिनं आम्हाला चूल दिली, कोपरा दिला, आणि पोरीला बघून म्हणाली, "हाय अल्ला, इत्ती सी जान कू लेके आई?" पण अंगावरचं लेकरू मागं ठेवायचं कुठं? आणि वॉर्डात लेकराला मनाई. सिस्टर दारातच हात आडवा करायची. म्हणून मी आत असले की सासूबाई पोरीला घेऊन व्हरांड्यात, आणि पोरीला पाजायला मी बाहेर आले की त्या आत. आम्ही दोघी उंबऱ्यावर एकमेकींना ओलांडायचो, बोलायचो नाही. माझ्या मानेवरचा वहाणेचा वळ अजून हिरवा होता.

ह्यांच्या डोक्याचे केस काढले. फोटो घ्यायचा होता आतला, त्यासाठी कवटीला भोक पाडून आत हवा सोडायची होती. तेव्हा तोच एक मार्ग होता म्हणे. भूल फक्त कातडीला. दोघांनी डोकं धरलं, आणि सुताराचं गिरमिट असतं तशा हत्यारानं डॉक्टरांनी हातानं फिरवत भोक पाडलं. हे जागे. दाराबाहेर मला तो आवाज ऐकू आला, ओल्या लाकडातून जातो तसा. नंतर हवा आत गेली तेव्हा ह्यांनी टाकलेली किंकाळी माणसाची नव्हती. परत आणलं तेव्हा दातांनी ओठ फाडलेला होता.

"आतून कोन भिंत पाडून राहिलं का काय," मला म्हणाले, "असं वाटलं."

मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं. वयस्क, बुटके, हात बाईसारखे बारीक. सोपं हिंदी बोलायचे, सावकाश, आम्हाला कळेल असं.

"मेंदू म्हणजे फळ धरा," ते म्हणाले, "तर खाली त्याचं देठ असतं. मानेत उतरतं. श्वास घेणं, गिळणं, डोळे फिरवणं, जागं राहणं, सगळं त्या अंगठ्याएवढ्या देठातून जातं. तुमच्या माणसाला तिथं गाठ आहे."

"काढा मंग," मी म्हटलं.

त्यांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर पसरला आणि पेनातल्या शाईचा थेंब त्यावर पाडला. शाई धाग्याधाग्यात पसरली. "मोठ्या माणसात बहुतेक वेळा ही गाठ अशी असते. आता कात्रीनं शाई तेवढी काढून दाखवा. रुमालच जाईल. म्हणून आम्ही इथं सहसा हात घालत नाही, मशीनचा शेक देतो आणि घरी पाठवतो." मग त्यांनी रुमालाच्या दुसऱ्या टोकाला गाठ मारली. "तुमच्या माणसाची अर्धी अशी वाटते. देठाच्या मागून बाहेर फुगलेली. बाहेरची काढता येईल. कदाचित. उघडल्याशिवाय सांगता येत नाही."

"उघडून शाईच निघाली तर?"

"चिमूटभर तपासायला घेईन आणि शिवून टाकीन."

"आन् न्हाई उघडलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"गिळणं बंद होईल. मग श्वास. दिवाळीपर्यंत."

"उघडून मरतेत का?"

"मरतात," डॉक्टर म्हणाले. "टेबलावरही मरतात. किंवा जगतात, पण उठत नाहीत. मी खोटं बोलणार नाही, अम्मा."

सासूबाई उठल्या. बाहेर व्हरांड्यात आल्या, मागून मी. पोरगी जैनबबीकडं होती. मी म्हटलं, "आत्याबाई, करू."

"न्हाई."

"दिवाळी म्हनले ते."

"दिवाळीपोत्तर तरी माझ्या मांडीवर राहील. म्या मारलं तेवढं बस झालं. आता कुनी त्याला लोखंड लावनार न्हाई."

"मारानं न्हाई झालं ते. दोन दोन डॉक्टर सांगून राहिले."

"डॉक्टरला काय ठाव? हात माझा हाय. मला ठाव हाय कसा बसला ते."

"मी सही करनार."

त्यांनी माझ्या तोंडात मारली. खाडकन, भर व्हरांड्यात, लोक बघत असताना. त्यांचा हात परत वर गेला तेव्हा मी मनगट धरलं. इतकी वर्षं त्या हातापुढं मी मान खाली घातली होती. हाडं माझ्या मुठीत कोंबडीच्या पंखासारखी लागली. मी सोडलं नाही. त्यांनी दुसऱ्या हातानं माझे केस धरले. आम्ही दोघी भिंतीला आदळलो, लोखंडी बाक पडला, आणि वॉर्डाच्या दारातून आवाज आला, घोगरा, जड जिभेचा.

"माय."

हे दाराची चौकट धरून उभे होते. पलंगापासून तिथवर कसे आले कोण जाणे. गुडघा फुटला होता, तळपायापर्यंत रक्ताचा ओघळ.

"तिला सोड."

सासूबाईंनी माझे केस सोडले.

"मला कुनी इचारलंच न्हाई," हे म्हणाले. एकेक शब्द तोंडातून ढकलावा लागत होता. "पानी पितो तर नाकातून येतंय, माय. लेकराला उचलायला भ्या वाटतंय. ह्याला जगनं म्हनून राहिली तू? डॉक्टरला म्हनावं, उघड." मग खाली बसायला गेले आणि पडलेच.

सही त्यांनी स्वतः केली. अक्षरं कागदाच्या बाहेर गेली.

माणसाला बसवून करतात हे ऑपरेशन. खुर्चीत बसवायचं, मान पुढं वाकवायची, डोकं तीन खिळ्यांच्या शिकंज्यात आवळायचं आणि मागून, मानेच्या वर, हाड कुरतडत आत जायचं. हे सगळं सिस्टरनं आदल्या दिवशी सांगितलं, धीर द्यायला. तिला वाटलं असेल, माहीत असलं की भीती कमी होते.

सकाळी नेलं. व्हरांड्यातलं ऊन भिंतीवरून उतरलं, फरशीवर आलं, फरशीवरूनही गेलं. सासूबाई ऑपरेशनच्या दाराकडं पाठ करून बसल्या होत्या. पोरगी माझ्या मांडीवर होती, पण दूध उतरेना. ती ओढायची, चिडायची, चावायची. नवे दोन दात आले होते तिला. रक्त आलं. मी तिला बाजूला केलं नाही. कुठंतरी दुखत असलेलं बरं वाटत होतं.

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या नाकावर चष्म्याचे लाल खड्डे पडले होते. भिंतीला टेकून बोलले.

"बाहेरची काढली. आतला पापुद्रा देठाला चिकटलेला आहे, तो ठेवला. तिथं हत्यार टेकलं की नाडी थांबायची. मी हात उचलायचो, परत चालू व्हायची. परत टेकवलं, परत थांबली. मग पुन्हा टेकवलं नाही."

"परत वाढंल का ते?"

"वाढू शकतं. शेक देऊ. आज मात्र श्वास त्याचा तो घेतोय."

त्यांच्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं. सासूबाईंनी त्याकडं पाहिलं, आणि पदराचं टोक थुंकीनं ओलं करून त्यांची बाही पुसायला लागल्या. डॉक्टरांनी पुसू दिलं.

पुढचं अवघड होतं ते वॉर्डात. गळ्याला भोक, त्यात नळी. नाकात नळी, तिच्यातून पेज. शुद्धीवर येताना हे खवळले. नळ्या ओढायला लागले, मी हात धरला तर बुक्की माझ्या तोंडावर बसली आणि दात हलला. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हते. पट्ट्यांनी हात पलंगाला बांधले. दिवसभर बांधलेले हात ओढत राहायचे, मनगटं सोलून निघाली. ती पाहून सासूबाई तोंड फिरवायच्या. एकदा त्यांनी गाठ सोडली, हे झाले मोकळे, आणि नाकातली नळी रक्तासकट बाहेर. सिस्टर त्यांच्यावर इतकी ओरडली की शेजारचे पेशंट उठून बसले. चतुराबाईंवर कुणी ओरडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या ऐकत उभ्या राहिल्या.

कफाचं भय सगळ्यात मोठं. गिळता येत नाही, खोकता येत नाही, छातीत कफ साठतो आणि माणूस आतल्या आत बुडतो. कफ ओढायचं मशीन सगळ्या वॉर्डाला मिळून एकच. सिस्टरनं मला शिकवलं. कुशीवर वळवायचं, तळहात ओंजळीसारखा करायचा आणि पाठीवर खालून वर मारत जायचं. "थपकी नक्को," ती म्हणाली, "मारना. जोर से. आवाज आना." मी मारायची. कफ नळीच्या तोंडाशी आला की सिस्टर नाहीतर मी कापडानं ओढून घ्यायची.

सासूबाईंना सिस्टरनं सांगितलं, "अम्मा, तुम भी सीखो." त्यांनी मान हलवली.

"माझा हात न्हाई उचलत."

"बच्चा मर जाएगा तो?"

"ही हाय ना," माझ्याकडं बोट करून म्हणाल्या.

एका दुपारी पोरगी बाहेर हंबरडा फोडून रडत होती. मी ह्यांची पाठ झोडून, कफ काढून, सासूबाईंना आत पाठवलं आणि व्हरांड्यात येऊन पोरीला घेतलं. वॉर्डाची खिडकी माझ्या डोक्याशीच होती. पोरगी चुटूचुटू प्यायला लागली, आणि मला डुलकी लागली असावी. आतून घरघर ऐकू आली. बुडबुडे फुटल्यासारखी. मग सासूबाईंचा आवाज, "सिस्टर. ओ सिस्टर." उत्तर नाही. सिस्टर दुसऱ्या टोकाच्या खोलीत होती.

मी उठून खिडकीशी गेले. पोरगी अंगावर पीतच. गजांतून दिसलं, ह्यांचे ओठ जांभळे पडत होते, छाती वर येत होती पण आत काही जात नव्हतं. दारापर्यंत वळसा घालून जायला व्हरांडा अख्खा पार करावा लागला असता.

"आत्याबाई, वळवा त्यांना. मारा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दोन्ही हात छातीशी आवळलेले.

"मारा म्हनते ना. तुमचं लेकरू चाललं. मारा."

त्यांनी ह्यांना कुशीवर ओढलं. पहिली चापट पडली ती पडली म्हणण्यासारखी नव्हती. दुसरी तशीच. मी गजांवर डोकं आपटून ओरडत होते, काय ते मला आठवत नाही. मग आवाज आला. थाप. परत थाप. खालून वर, खालून वर, ओंजळ करून, जसं शिकवलं होतं तसं. शिकवताना त्या तोंड फिरवून बसायच्या, तरी सगळं पाहिलेलं होतं त्यांनी. दात आवळलेले, डोळ्यांतून पाणी नाकावरून ओघळतंय, आणि हात चाललाय. ह्यांची पाठ लाल झाली. सगळा वॉर्ड बघत होता, एक म्हातारी ऑपरेशन झालेल्या लेकाला झोडतेय. नळीच्या तोंडातून जाड हिरवा गोळा बाहेर आला. सासूबाईंनी तो कापडानं नाही, बोटांनी ओढला. शिट्टी वाजल्यासारखा श्वास आत गेला.

मी पळत दारातून आत शिरले, पोरगी काखेत. सिस्टर मागून येत होती. तिनं पोरीला पाहिलं, पण बाहेर काढलं नाही.

सासूबाई ह्यांच्या पाठीवर तोंड ठेवून बसल्या होत्या. हात पाठीवरच. त्या दिवसापासून त्या पाळीची वाट बघत नसत. घरघर ऐकू आली की माझ्या आधी उठायच्या. मला म्हणायच्या, "तू सरक. तुझा हात हलका पडतो."

शेक झाला. गळ्याची नळी निघाली, भोक भरलं. चमच्यानं भाताची पेज उतरायला लागली, दहातला एक घोट चुकीच्या वाटेनं जायचा तरी. चेहऱ्याची डावी बाजू पडली ती पडलीच. चालणं आधीपेक्षा वाईट. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहील, थोडं सुधारेल. आतला पापुद्रा किती वर्षं गप्प बसेल ते त्यांना माहीत नाही. दर सहा महिन्यांनी या.

आम्ही हिंगोलीला उतरलो तेव्हा उन्हाचा ताव होता. सादिकभाईची जीप भाड्यानं वाशिमकडं गेली होती, म्हणून सेनगावच्या एस्टीला उभे राहिलो. ह्यांच्या डोक्याला उपरणं, कारण केस आले नव्हते आणि मागं मानेपर्यंत चीर होती. मी पोरीला घेऊन आधी चढले. मागून हे. पायरीवर पाय ठेवला, तो हुकला, दांडी सोडून हात कंडक्टरच्या छातीवर पडला. काही बोलायला गेले, लाळ गळली.

"ए, खाली. दिवसाढवळ्या ढोसून यायचं आन् चढायचं," कंडक्टर म्हणाला आणि दोन्ही हातांनी ढकललं.

हे पाठीवर पडले, मडगार्डला खांदा घासला. खाली उभ्या असलेल्यांपैकी एकानं लाथेनं बाजूला सरकवलं, फार जोरात नाही, वाटेतलं पोतं सरकवतात तसं.

सासूबाईंनी कंडक्टरला पट्ट्याला धरून खाली ओढला. चामड्याची पिशवी उघडली, सुट्टे पैसे धुळीत सांडले. त्यानं हात उगारला तर त्यांनी तोच हात दातांत धरला. मी पोरीला एका अनोळखी बाईच्या मांडीवर टाकून उडी मारली. लोकांनी ओढून वेगळं केलं तेव्हा कंडक्टरच्या मनगटावर दातांची ओळ होती आणि सासूबाईंची चोळी खांद्यावर फाटली होती.

"पिलेला हाय म्हनतो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पिलेला. ये, दाखवते." आणि त्यांनी ह्यांच्या डोक्यावरचं उपरणं ओढून काढलं. ह्यांची मान धरून वळवली, सगळ्या स्टँडला दिसेल अशी. "बघा. डोळे फोडून बघा. हितून उघडलं. हे बघा."

लोकांनी पाहिलं. चीर जांभळी होती, टाक्यांच्या खुणा दोन्ही बाजूंना. एका बाईनं तोंडाला पदर लावला. कंडक्टर पैसे वेचायचा थांबला.

हे धुळीत बसलेले, मान आईच्या मुठीत, डोळे जमिनीकडं. कानामागून लाज लाल चढत होती, मला दिसत होती. मग त्यांनी हात वर केला. हात आधी हवेत गेला, मग आईच्या मनगटावर आला.

"माय. दे ते."

"थांब, बघू दे त्याह्यला."

"दे."

त्यांनी उपरणं दिलं. हे मडगार्ड धरून उठले आणि उपरणं बांधायला लागले. एक पदर सुटायचा, परत घ्यायचे. मी पुढं झाले तर नजरेनंच थांबवलं. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलेलं होतं, त्यानं बंद केलं. बराच वेळ लागला. गाठ बसली, तिरपी.

मग दोन्ही हातांनी दांडी धरून, एकेक पाय नजरेनं जागेवर ठेवत, हे चढले. सासूबाई मागं हात धरून उभ्या होत्या, पण पाठीला लावला नाही. पहिल्या बाकावरचा माणूस उठला. हे तिथं बसले नाहीत, मागं पोरीपाशी येऊन बसले. मी त्या बाईकडून पोरीला मांडीवर घेतलं, सासूबाई माझ्या शेजारी बसल्या.

कंडक्टर आला. मनगटाला रुमाल बांधलेला. कुणाकडंच न बघता विचारलं, "कुठं?"

ह्यांनी गावाचं नाव सांगितलं. जिभेवर ते मोडलं. कंडक्टरनं मान वर केली, "आँ?"

सासूबाईंचं तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला. त्यांनी ओठ मिटले.

ह्यांनी लाळ पुसली, श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.

"चार?" कंडक्टरनं विचारलं.

"तीन," हे म्हणाले. "लेकरू मांडीवर हाय."